जीप विकायची नाही

राजा,

आज जीप बघायला जो माणूस येणार आहे, त्याला फोन करून नको म्हणून सांग. गाडी माझ्या नावावर आहे आणि मी ती विकत नाही.

गिअरबॉक्स गेला, असं तू परवा जेवताना जाहीर केलंस. गिअरबॉक्स गेला असता तर गाडी न्यूट्रलवर उभी असतानाही घरघर आली असती. ती येत नाही. टक असा आवाज यायचा तो फक्त गाडी निघताना आणि गिअर बदलताना. म्हणून काल चाकांना विटा लावून मी खाली शिरले आणि मागचा शाफ्ट हाताने फिरवून बघितला. त्याच्या सांध्यातला क्रॉस पार ढिला झाला होता. संध्याकाळपर्यंत नवा बसवून घेतला, आवाज बंद.

दवाखान्याची गाडी मी इतकी वर्षं चालवली, ती काय कानात बोळे घालून? आवाज माझे गुडघेही करतात. त्यांना गिऱ्हाईक शोधू नकोस.

किल्ली तू कपाटावर लपवलीस. तिथली धूळ मीच पुसते, हे विसरलास.

तुझा डबा ओट्यावर भरून ठेवलाय. मी घाट चढून मावशीकडे जातेय. पोचले की फोन करीन. मध्ये तू करू नकोस, गाडी चालवताना मी उचलत नाही.

आई