दौलतमामाच्या गाडीतला तांबडा दिवा

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
रविवार, १८ एप्रिल १९९९

तीर्थस्वरूप दौलतमामा यांच्या चरणी मालूचा नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असं आम्हाला नववीच्या बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा मान कमी केला असं समजू नये. समोर असलात की मी तुम्हाला ‘अरे मामा’ म्हणते, पण कागदावर तसं लिहायला हात धजत नाही.) तिकडे मस्कतला आताच अंग भाजायला लागलं असेल. डोक्याला ओला रुमाल बांधता ना? गुडघा कसा आहे? इथे आईचा खोकला गेला, बाबांच्या होडीला नवं डांबर लागलं आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले. गाडीही खुशाल आहे. म्हणजे आज सकाळी सव्वाअकरापासून खुशाल आहे. त्याआधीचे चौदा दिवस ती खुशाल नव्हती, आणि हे तुमच्यापासून लपवलं तर मला जेवण जाणार नाही, म्हणून हे पत्र.

जाताना तुम्ही चावी माझ्या हातात ठेवलीत आणि अख्ख्या गल्लीदेखत म्हणालात, “मालू शिकलेली आहे, गाडी तीच बघेल.” ते वाक्य मी अजून विसरले नाही. आमच्या घरात पहिली शाळेत गेलेली मी, त्यामुळे विजेच्या बिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत ज्याच्यावर अक्षर आहे ते माझं, असा कायदाच आहे. पण आतापर्यंत कोणी मला आख्खी गाडी वाचायला दिली नव्हती. ठाकुर्लीला तुमच्या चाळीत जागा नाही म्हणून ती आमच्या अंगणात उभी राहिली आणि बाबांनी तिच्यावर जुनं जाळं टाकलं. (ऊन त्यातून सगळं आत येतं, पण बाबा म्हणतात, उघडी ठेवण्यापेक्षा बरं.) तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी दर रविवारी नऊ वाजता ती दहा मिनिटं चालू करते आणि वहीत तारीख, वेळ आणि आवाज कसा होता ते लिहिते. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आईला खोपटपर्यंत फिरवून आणलंत, ते लोक अजून बोलतात. गाडीचं स्टिअरिंगचं चाक आखाती पद्धतीने डावीकडे, आई उजवीकडे हात जोडून बसलेली, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटलं की आई चाकाशिवाय गाडी चालवते आहे. तेव्हापासून मासळीबाजारात तिच्याशी कोणी फार घासाघीस करत नाही.

तर चार तारखेच्या रविवारी चावी फिरवली आणि समोर एक तांबडा दिवा लागला. तो दर वेळी लागतो आणि जातो. त्या दिवशी तो गेला नाही. दिव्यात एक माणूस बसलेला आहे आणि त्याच्या पुढ्यात एक गोल आहे. आईने वाकून पाहिलं आणि विचारलं, मांडीवर कलिंगड घेऊन बसलाय तो कोण. मी डिकीतलं ते जाड इंग्रजी पुस्तक काढलं (हो, मेकॅनिक लोकांचं, तुम्ही हात लावू नकोस म्हणाला नव्हतात, मी आठवून पाहिलं) आणि डिक्शनरी घेऊन ओट्यावर बसले. कलिंगड नव्हे, ती हवेची पिशवी. चाकाच्या पोटात ती घडी घालून ठेवलेली असते, आणि गाडी कुठे जोरात आपटली तर पापणी मिटायच्या आत फुगून माणसाच्या छातीपुढे येते. बाबांना हे समजावायला मला एक मिनिटही लागलं नाही. ते म्हणाले, घोळ माशाच्या पोटात असते तशी. मी मात्र रात्रभर तिचाच विचार करत होते. एखादी वस्तू जन्मभर एकाच क्षणाची वाट बघत घडी घालून बसते, आणि तो क्षण कधी येऊ नये हीच सगळ्यांची इच्छा असते. मामा, असं काही आपल्या अंगणात जाळ्याखाली उभं आहे हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून मी गाडीजवळून चप्पल काढून जाऊ लागले. (आई हसली, पण दोन दिवसांनी तीही काढायला लागली.)

आणि आता तीच पिशवी दिव्यातून सांगत होती, की मी उघडेन याची खात्री नाही. म्हणजे तुम्ही दिवाळीला येणार, ही गाडी घेऊन घोडबंदर रोडने जाणार, समोरून ट्रक येणार, आणि पिशवी निजलेलीच राहणार. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट दिसायला लागलं की मी तुम्हाला ट्रकचा रंगसुद्धा सांगू शकेन.

खोपटला एस.टी. डेपोमागे भिवाचं गॅरेज आहे, तिथे गेले. या बनावटीची गाडी त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिली होती, पण तो अजिबात घाबरला नाही. म्हणाला, “ताई, दिव्यावर काळी पट्टी चिकटवतो. दिवा दिसला नाही की टेन्शन नाही.” मी विचारलं, मग पिशवी उघडेल का. तो म्हणाला, ते वरच्याच्या हातात. माणूस चांगला आहे, चहा पाजला, पण मी पट्टी न लावताच परत आले. मला वाटलं, डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणून तुमच्यासमोरचा ट्रक काही थांबणार नाही.

पुस्तकात लिहिलं होतं की चाकाखाली एक छोटं मोकळं सॉकेट असतं, त्यात तारेचा एक तुकडा अडकवला की तोच दिवा लुकलुकून आपलं दुखणं सांगतो. आधी लांब लुकलुक, मग आखूड, त्या मोजायच्या आणि पुस्तकातल्या यादीत बघायच्या. अकरा तारखेला मी वही-पेन घेऊन बसले. तीनदा मोजलं, तीन वेगळी उत्तरं आली. मी लिहायला खाली बघायची आणि दिवा पुढे जायचा. बाबा गाडीच्या उघड्या दाराबाहेर जाळ्याला टाके घालत बसले होते, त्यांनी मान वर न करता सांगितलं, “तीन लांब, एक आखूड. मग दम खातो. मग पुन्हा तेच.” त्यांना अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. पण तरुणपणी ते मोठ्या बोटीवर होते, आणि बंदराच्या तोंडाशी पाण्यावर जे दिवे असतात त्यातला प्रत्येक वेगळा लुकलुकतो, त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखायचं असतं. मला म्हणाले, “तू बूक वाच, दिवा मना वाचू दे.” मी यादीत पाहिलं. तीन लांब, एक आखूड : ड्रायव्हरच्या सीटखालची पिवळी जोडणी सुटली आहे. मी वीस वर्षं समजत होते की आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच.

पुस्तकाने तंबी दिली होती की पिवळ्या वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची तार काढून तीन मिनिटं थांबा. मी तीस मिनिटं थांबले, आणि गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा लांब हाकलल्या. मग सीटखाली हात घातला. आधी हाताला लागलं एक गाठोडं. त्यात सुके बोंबील. आईच्या मते आख्ख्या कोळीवाड्यात मांजर शिरू शकत नाही अशी एवढी एकच जागा. आणि गाठोड्याला लागूनच ती पिवळी जोडणी, सुटलेली. मग काय, मी आईला बोलले, बाबा बोलले, शेजारणीही येऊन बोलून गेल्या. तुझ्या बोंबलांपायी दौलतमामाचा जीव गेला असता, इथपर्यंत मी गेले. आईने मुकाट्याने गाठोडं उचललं आणि आत गेली. त्या दिवशी तिने आम्हाला वाढलं आणि स्वतः उशिरा जेवली.

जोडणी टक्कन बसली, पण दिवा गेला नाही. पुस्तक म्हणतं, दुखणं बरं झालं तरी गाडीच्या लक्षात राहतं, ते पुसावं लागतं. त्याची रीत अशी, की त्याच सॉकेटमधली तार दिवा जाताच काढायची, लागताच घालायची, पुन्हा जाताच काढायची, आणि प्रत्येक वेळी चार सेकंदांच्या आत. जमलं तर दिवा दोनदा डोळे मिचकावतो. बाबा आठवडाभर खाडीवर होते, म्हणून मी एकटीनेच करून पाहिलं. सॉकेट खाली, दिवा वर. खाली वाकलं की दिवा दिसत नाही, दिवा बघितला की सॉकेट सापडत नाही. अकरा वेळा चुकलं.

आज बाबा घरी होते. आधी ते खाली आडवे झाले आणि मी वरून दिवा सांगू लागले. (‘विझला’ म्हणायची आईने बंदी केली, दिव्याला असं बोलू नये म्हणून. आमच्याकडे दिवा निजतो आणि उठतो.) तेही जमेना. कारण तो खरंच निजला की मला तसं वाटलं, हे ठरवण्यात माझे चार सेकंद जायचे. शेवटी बाबा म्हणाले, “तू खाली ये. मी सांगतो. तू फक्त ऐक.” मी खाली आडवी झाले, नाकात बोंबलाचा वास, हातात तार, डोळ्यांपुढे अंधार. वरून आवाज आला, निजला. मी तार काढली. उठला. घातली. निजला. काढली. त्या आवाजात जराही शंका नव्हती, मामा. माझ्या हाताला पहिल्यांदाच विचार करावा लागला नाही. मी तार घट्ट धरून थांबले. मी विचारलं, काय झालं. बाबा म्हणाले, “डोला मारलान दोनदा. आता निजलाय नीट.”

किल्ली बंद करून मी पुन्हा सातदा तपासलं. दिवा लागतो, सहा मोजेपर्यंत राहतो आणि जातो. तुमची पिशवी जागी आहे. पुस्तकात बघून जे करता आलं ते केलं, तरी दिवाळीला आल्यावर एखाद्या जाणत्याला दाखवूनच गाडी रस्त्यावर काढावी, ही विनंती. तब्येत सांभाळा. तुमच्या विश्वासाला जपणारी,
मालू

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी वही उघडली. आईने बोंबील ठेवले शुक्रवारी नऊ तारखेला, हे तिने स्वतः सांगितलं. दिवा लागला चार तारखेला. म्हणजे आईचा काही संबंध नाही. मामा, आता खरं सांगते. दर रविवारी ती दहा मिनिटं मी नुसती बसत नव्हते. सीट पुढे ओढून पाय पुरतात का बघायचे, आणि मनातल्या मनात घोडबंदर रोडला जायचे. आधी खडूने खूण करायचे आणि उठताना त्या खुणेवर सीट मागे ठेवायचे. जोडणी माझ्यामुळेच सुटली. आईची माफी मागितली. ती म्हणाली, मला ठाऊक होतं, तुझ्या बोटांना रविवारीच खडू असतो. अरे मामा, तू रागवायचं ते मला रागव, तिला नको.

ता. क. २. वरचं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला टाका पुरा करून दोरा तोडला. मग म्हणाले, पुढे ओढून वायर सैल पडते, सुटत नाही. सीट मागे पार शेवटपर्यंत ढकलल्यावर सुटते. मी विचारलं, मागे कोण ढकलणार? तेव्हा ते स्वतःच्या लांब पायांकडे बघायला लागले.

ता. क. ३. म्हणून एक विचारायचं होतं, खरं तर त्यासाठीच पत्र. ठाण्याच्या आर.टी.ओ.तून शिकाऊ लायसन्सचे फॉर्म आणलेत. तुझ्या गाडीवर शिकायची परवानगी दे. होकार एकच कळव, पण फॉर्म दोन आहेत. एकावर माझी सही आहे. दुसऱ्यावर अंगठा.