पळीचे दोन फटके

केंब्रिज,
१२ जानेवारी २०१८

प्रिय शंतनु,

अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. प्लास्टर निघालं, पण मनगट अजून वळत नाही. माझ्या जवळ यायला आणि माझ्याशी बोलायला तुला कोर्टाची बंदी झाली, त्याला आज साठ दिवस झाले. इतक्या दिवसांत मी एकदाही धड स्वयंपाक केला नाही. कोणासाठी करायचा? तुझे जुने बूट दारात आहेत, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठसुद्धा त्यांवरून पुसलेलं नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाची ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. शेगडीवर खीर होती. जॅकेट चढवता चढवता तू सांगितलंस, हॅमिल्टनला नर्सिंगची परीक्षा आहे, पानावर बसता येणार नाही. माझं डोकंच फिरलं. वर्षभर गिळलेलं सगळं तुझ्यावर निघालं. हातातल्या पळीने तुला दोनदा मारलं, एकदा दंडावर, एकदा कानाजवळ. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तू तो धरून मला मागे ढकललंस, आणि मी ओट्यावर आदळले. हॉस्पिटलातही तूच नेलंस. परीक्षा बुडाली ती बुडालीच.

तिथल्या नर्सने तुला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, कसं लागलं. रागाच्या भरात मी म्हटलं, मुलाने ढकललं. वाटलं, कोणीतरी जाणतं माणूस तुला चार शब्द सुनावील, आपल्याकडे सुनावतात तसं. आले ते पोलीस. तुम्ही त्याला मारलं होतं का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी नाही म्हटलं. देवाशपथ, तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. आईचा फटका म्हणजे का मारणं? तू चोवीस वर्षांचा झालायस, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

मंगळवारी माधवीताई नावाच्या वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, तक्रार मागे घेते. त्या म्हणाल्या, खटला सरकारचा आहे, तो तुमच्या हातात नाही. रागाने फटका मारणं इथे गुन्हा आहे, आईने मारला तरी. आणि मार चुकवण्यापुरतं कोणी ढकललं, तर तो स्वतःचा बचाव ठरू शकतो. ढकलणं गरजेपुरतं होतं की जास्त, ते न्यायाधीश बघतात. पण मुळात मार होता, हे कोणीतरी सांगायला हवं ना!

मग तुझ्या वकिलाचा निरोप त्यांनी मला सांगितला. आईने मला मारलं नाही, असं तूही आपल्या वकिलाला म्हणालास म्हणे. मला कोर्टात उभं राहावं लागू नये म्हणून सोमवारी गुन्हा कबूल करणार आहेस. अरे वेड्या, तो डाग लागल्यावर कुठलं हॉस्पिटल तुला रुग्णाजवळ उभं करील? तुला असं वाढवलं ते मीच.

म्हणून हे लिहून, सही करून उद्या माधवीताईंकडे देते. त्या तुझ्या वकिलाला आणि सरकारी वकिलांना पोचवतील. गुन्हा माझ्यावर उलटू शकतो, हे त्यांनी बजावलंय. उलटू दे. आई पोराला वाचवतेय म्हणून कोणी विश्वासही ठेवणार नाही कदाचित. तुझ्या तोंडून निघणार नाही ते मी लिहिते: शंतनु, मी तुला मारलं. आधी मी मारलं. कान दुखतो का रे अजून? उत्तर देऊ नकोस, तेही तुला मना आहे.

तुझीच,
आई
(वनिता दीनानाथ)