तांब्याची कांडी आणि दाजींचा हात

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. ('वाकून' हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला. का ते पुढे कळेलच.)

इकडे सगळे खुशाल. तुमचं प्लास्टर निघालं, पण उजव्या हातात पूर्वीचा जोर राहिला नाही, म्हणून तुम्ही व्यायामशाळेची किल्ली दुसऱ्याकडे दिलीत आणि कुणाकडे जाणं-येणंही सोडलंत, असं ताई कळवते. रविवारी आमच्याकडे जेवायला यायलासुद्धा तुम्ही नाही म्हणालात. त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. (ताईने शपथ घातली आहे.) हे पत्र निव्वळ कामाचं आहे. मला तुमचा हात हवा आहे.

आमच्या प्रयोगशाळेची कोठी मी बावीस वर्षं सांभाळतो. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ठोकून नंबर घालायचा, हा माझा नेम. स्टुलापासून चिमट्यापर्यंत काही सुटलेलं नाही. (प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, म्हणतात, एक दिवस हा माझ्या कपाळावरही ठोकेल.) गेल्या मंगळवारी संशोधन करणाऱ्या मुलीने एक तांब्याची कांडी माझ्याकडे ठेवायला दिली. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड. तीन आठवडे भट्टीपाशी बसून तिने ती वाढवली होती. होय, वाढवली! वितळलेलं तांबं इतकं सावकाश थिजवायचं, की अख्खी कांडी मिळून एकच स्फटिक होतो. "काका, हिला धक्का लावू नका हं," असं बजावून ती गेली. मी कसला धक्का लावतोय? नंबर ठोकायला टेबलाच्या कडेवर धरली आणि हलू नये म्हणून अंगठ्याने दाबली, एवढंच.

आणि दाजी, ती वाकली! हूं की चूं न करता, मेणबत्तीसारखी! माझा अंगठा तुम्हाला ठाऊक आहे, बाटलीचं झाकण उघडायला मी ताईला हाक मारायचो. क्षणभर स्वतःचा अभिमानच वाटला, मग दरदरून घाम फुटला. म्हटलं, वाकली तशी सरळ करू. छे! मी गुडघ्यावर घेऊन जोर लावला, ती ढिम्म. ड्रायव्हरने लावला, तर जुना बाक तसाच आणि शेजारी नवा आला. रखवालदाराने लावला, त्याच्या शर्टाचं बटण उडालं आणि तिसरा बाक आला. शेवटी आम्ही तिघे शहाणे हात जोडून बाईंसमोर उभे राहिलो.

मुलीने डोळे पुसले आणि निमूटपणे भट्टी पुन्हा पेटवली. (तेव्हापासून मी रोज तिच्या शेजारी बसून भट्टीचं तापमान टिपून घेतो. शिक्षा म्हणून नाही, लाज म्हणून.) बाई मात्र रागावल्या नाहीत. मला स्टूल नंबर एकशे चौदावर बसवलं आणि सांगितलं, धातूच्या आत अणू कवायतीसारखे रांगेत बसलेले असतात, पण अगदी निर्दोष रांगा जगात कुठेच नसतात. कुठे एखादी जागा रिकामी, कुठे कुणी उपरा घुसलेला (पितळ म्हणजे काय, तर तांब्यात घुसलेलं जस्त, म्हणून तर ते जास्त टणक), कुठे एखादी रांग अर्ध्यातच संपलेली. त्या अर्धवट रांगेपाशीच धातू सरकतो. सतरंजीची सुरकुती ढकलत नेली की सतरंजी सरकते ना, तसा. एकसंध कांडीत त्या सुरकुतीला अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून माझा अंगठा पुरला. पण वाकता वाकता आत कोट्यवधी नव्या सुरकुत्या पडल्या, एकमेकींत अडकल्या, आणि आता कुणी कुणाला हलू देत नाही. वाकली, म्हणून ती बळकट झाली!

मी तोंडाचा आ वासून ऐकत राहिलो. बावीस वर्षं मी पत्रे, सळया, खिळे मोजले, आणि आत एवढा संसार चालतो याचा पत्ताच नाही! घरी येऊन चमचाच निरखत बसलो. बायको म्हणाली, "जेवताय की चमच्याशी बोलताय?"

तर दाजी, लोखंडी सळई गळ्याभोवती वळवणारे तुम्ही, तुमच्यापुढे या कांडीची काय कथा! रविवारी येऊन तेवढी सरळ करून द्या.

तुमचा,
अंगठेबहाद्दर मेहुणा

ता. क. पत्र ताईला दाखवू नका. शपथ मोडली असं तिला वाटेल.

ता. क. २. खोटं कशाला बोलू? 'आमचे दाजी करतील का सरळ?' असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कुणीच करू शकणार नाही. तापवली तर मऊ पडेल, पण पहिल्यासारखी एकसंध होणे नाही. मात्र टाकून द्यायची नाही, नव्या मुलांना तीच दाखवायची, असंही म्हणाल्या. रविवारपुरती मी ती मागून आणली आहे.

ता. क. ३. कांडी जेवणाच्या टेबलावरच ठेवली आहे. मी हरलो, ड्रायव्हर हरला, रखवालदार हरला, काल बायकोही हरली. आता हरायचे तेवढे तुम्हीच राहिलात. बारा वाजता ताट वाढतो.