चिठ्ठीवरचं माप

सोमवार, ४ मार्च

...त्या सकाळी मी दूध तापवलं, रात्रीची भांडी लावली, कुंड्यांना पाणी घातलं — जास्तच घातलं, ओघळ गॅलरीभर गेला — फरशी पुसली आणि यांचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो शर्ट यांनी घातलाच नाही. आंघोळीला म्हणून गेले, आणि तिथेच... असो. तीन वर्षं झाली.

हे आज लिहायचं कारण म्हणजे पुस्तक! लेकीने पाठवलंय. मनाने प्रगल्भ असलेला माणूसच धंदा नीट चालवतो, हे तीनशे पानांत सांगितलंय. पहिल्या प्रकरणाला गृहपाठ : 'आयुष्य बदललं त्या दिवसाची सकाळ आठवा. तुम्ही किती स्थिर होता?'

स्थिर? मी फरशी पुसत होते!

मंगळवार, ५ मार्च

स्वतःला गुण द्यायचे होते. राग आवरणे — दहापैकी आठ. दुसऱ्याचं ऐकून घेणे — नऊ. संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं.

"आई, ऐकण्यात नऊ? आत्ता माझं वाक्य अर्ध्यात तोडून सांगितलंस!"

आठ केले.

बुधवार, ६ मार्च

दुसरं प्रकरण जबाबदाऱ्यांवर आहे. फार पटलं. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला पुस्तकातलं पटलं की ती दम धरत नाही — लगेच कारखान्यात बैठक बोलावली. आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, यांच्यामागे मीच बघते, माणसं नऊ. आजवर बैठक म्हणजे उभ्या उभ्या बोलणं. आज खुर्च्या मांडल्या.

म्हटलं, "माप घेऊन चिठ्ठीवर लिहिणं माझं काम. कापणं उस्तादांचं. चिठ्ठीवर असेल तेवढंच कापायचं, मध्ये कुणी आपलं डोकं चालवायचं नाही."

उस्ताद म्हणजे आमचे कटिंगवाले. यांच्या हाताखाली एकवीस वर्षं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नक्की ना, वहिनी?"

"नक्की."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, प्रभाव पडला!

शनिवार, ९ मार्च

तिसरं प्रकरण वाचून संपवलं. आत्मपरीक्षणावर आहे. माझ्या फारसं कामाचं नाही.

सोमवार, ११ मार्च

औषधवाल्यांचा फोन. आठशे खोकी परत पाठवताहेत. बारा बाटल्या बसायला हव्यात, तर शेवटची ओळ आत जातच नाही. शनिवारपर्यंत नवी द्या, नाहीतर पुढचं काम दुसरीकडे देतो म्हणाले. आमचं निम्मं काम त्यांचंच. ते गेलं तर नऊतल्या निम्म्यांना घरी बसवावं लागेल.

तडक कटिंगच्या टेबलाशी गेले. मला राग चढला की माझी भाषा फार आदराची होते.

"उस्ताद, आपण एवढे जाणते. खोकं लहान होतंय हे आपल्या नजरेस पडू नये?"

"पडलं होतं."

"मग?"

"चिठ्ठीवर होतं तेवढं कापलं."

"म्हणजे मुद्दाम! यांच्या वेळी असं कधी झालं असतं का?"

हे सगळं सगळ्यांसमोर. मशीनसुद्धा कुणीतरी बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. उस्तादांनी एप्रन काढला, चौघडी घातली, टेबलावर ठेवला आणि डबा उचलून निघाले. ना दार आपटलं, ना काही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

राग आवरणे — शून्य. ऐकून घेणे — याला उणे गुण असतात का, पुस्तकात दिलेलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

उस्ताद आले नाहीत. त्यांच्या हाताखालचे दोघं म्हणाले, पुठ्ठ्यावर माप उतरवणं आम्हाला येत नाही, ते उस्तादच करायचे. म्हटलं, त्यात काय एवढं! पट्टी घेतली आणि स्वतः एक खोकं केलं. चार बाजू होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या.

चिकटवणीच्या टेबलावरच्या मावशी मघापासून खळ ढवळत बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, तुमच्या चिठ्ठीत पुठ्ठ्याची जाडी कधी असते का हो?"

"कसली जाडी?"

पुठ्ठा दुमडला की घडीत जागा जाते. तेवढी मापात वाढवून धरायची असते. मी बाटल्या मोजते, बाटल्यांचंच माप लिहिते. तीन वर्षं हेच चाललंय!

"उस्ताद रोज वाढवून कापायचे," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणी बोललो नाही. आणि त्या बैठकीत तुम्हीच म्हणालात, डोकं चालवू नका."

मी मटकन खाली बसले. नेमकी ओल्या खळीवर.

बुधवार, १३ मार्च

उस्तादांच्या घरी गेले. तीन जिने. वाटेत पुस्तकातलं वाक्य घोकलं — 'माझ्या वागण्याची जबाबदारी मी पूर्णपणे स्वीकारते.' दार उघडलं आणि विसरले. धापा टाकत म्हटलं, "चुकलं माझं."

त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मीच पुढे बोलत सुटले. "यांचं माप कधी चुकलं नाही हो. मला ते साधत नाही."

उस्तादांना हसूच फुटलं. "दादांचं? अहो वहिनी, आठवड्यातून दोनदा चुकायचं!"

"काहीतरीच!"

"खरंच. पण चिठ्ठी दिली की ते टेबलाशी उभे राहायचे. मी बघून होईपर्यंत हलायचे नाहीत. खोडाखोड केली की म्हणायचे, वाचलो रे बाबा."

"मग मला का नाही कधी सांगितलंत?"

"तुम्ही चिठ्ठी ठेवता आणि वळता. पाठीला काय सांगणार?"

उद्या याल का विचारलं. "बघतो," म्हणाले.

तीन जिने उतरताना वाटलं, मी ज्यांच्यासारखं व्हायला बघत होते, ते कधी न चुकणारे गृहस्थ कारखान्यात कुणाला माहीतच नव्हते. ते मीच घरी बसून तयार केले. आपल्या चुका होतात, असं हे मला कधी बोलले नाहीत. किंवा बोलले असतील. मी वाक्य तोडलं असेल.

आज फार आठवण आली. या नव्या माणसाची जास्त.

शुक्रवार, १५ मार्च

काल सकाळी सगळे जमल्यावर सांगितलं : माप मी चुकवलं, उस्तादांनी नाही. औषधवाल्यांना फोन करून तेच सांगितलं. साडेनऊला उस्ताद आले. आठशे खोक्यांची नवी चिठ्ठी लिहिली होती, जाडी धरून, दोनदा तपासून. ती त्यांच्या हातात दिली आणि तिथेच उभी राहिले.

लांबी, रुंदी, उंची — तिन्ही आकडे खोडले त्यांनी.