तोंड शिवलेल्या नळ्या

चि. सौ. धाकट्या जाऊबाईंस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे आणि भाऊजींना अजून पाहुणे आल्यावरच खोकला येतो का, ते कळव. इकडे सगळे ठीक. तुझे मोठे भाऊजी रोज सकाळी पेपर वाचून जगाची काळजी करतात आणि मग दमून झोपतात. माझी तब्येत विचारशील तर उत्तम आहे. (विचारली नाहीस, पण उत्तम आहे.)

नातीने फोनवर तुला अर्धं सांगितलं असेल आणि ते अर्धं नेमकं माझ्या चुकीचं असेल, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. ती मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करते हे तुला ठाऊक आहे. तिथली तिची मुदत संपत आली होती. पुढची तीन वर्षं तिला ठेवायचं की नाही, हे पाच परीक्षक एका सकाळी ठरवणार होते. नाही म्हणाले असते तर पोरीने काचेच्या ताटल्यांत वाढवलेलं पाच वर्षांचं काम दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ठेवायचं आणि आपण चालू लागायचं. त्या पाचांतल्या दोघांना मेंदूतलं माझ्याइतकंच कळत होतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या तिच्या मोठ्या बाई म्हणाल्या, हातात धरता येईल असं काहीतरी करून ने. पोर माझ्याकडे आली. घरात हात चालणारं माणूस मी एकच. (सूनबाई कपाटं आवरते, त्याला मी हात चालणं म्हणत नाही.)

आता मेंदूत काय असतं ते ऐक. मी चौथी शिकलेली, मला कळलं, म्हणजे तुला कळायला हरकत नाही. तू तर पाचवीत दोनदा बसलीस. मेंदूत चेतापेशी असतात. निरोप पाठवायचे, आठवणी ठेवायच्या, हात उचल म्हणायचं, ही त्यांची कामं. त्यांच्याभोवती दुसऱ्या असतात, आधारपेशी, चांदणीसारख्या, पुष्कळ हातांच्या. त्या चेतापेशींना खाऊ घालतात, त्यांनी टाकलेला पसारा गोळा करतात, त्यातलं जे पुन्हा वापरता येईल ते नीट करून परत देतात. मी विचारलं, जेवल्यावर ताट तरी उचलतात का तुझ्या चेतापेशी. म्हणाली, नाही आजी, ताटही आधारपेशीच उचलतात. मी म्हटलं, म्हणजे तुझे आजोबा. (ते शेजारच्या खोलीत होते. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.) आणि कितीतरी वर्षं शहाण्या लोकांना वाटत होतं, की आधारपेशी म्हणजे नुसता भराव, चेतापेशी हलू नयेत म्हणून मध्ये कोंबलेला कापूस. स्वयंपाकघरात कधी न डोकावलेल्या माणसांनीच हे ठरवलं असणार.

पोरीचं काम याच्या पुढचं. प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारक्या बारक्या वस्तू असतात. त्यांचं नाव लांबलचक आहे, मी त्यांना शेगड्या म्हणते. चेतापेशीच्या शेगड्या विझायला लागल्या, की कधी कधी शेजारची आधारपेशी बारीकशी नळी काढून आपल्या पेटत्या शेगड्या तिच्याकडे सरकवते. आणि चेतापेशी आपल्या मोडक्या शेगड्या तिच्याकडे पाठवते, मोडीत काढायला. मी म्हटलं, आपला केर शेजारणीच्या दारात टाकायचा, याला तुमच्यात देवाणघेवाण म्हणतात का. तर म्हणाली, नुसतं तसं नाही आजी, चेतापेशीच्या निरोपावरूनच आधारपेशीला कळतं किती रांधायचं ते. निरोप थांबले तर तिचीही वाढ नीट होत नाही. यावर मी उठून शेजारच्या खोलीत चहा नेऊन दिला. (साखर मात्र मोजूनच घातली.)

तर मी निळ्या कापडाची चेतापेशी केली, लांब शेपटीची, आणि पिवळ्या कापडाची चांदणी. मधल्या नळ्या करंगळीएवढ्या, उलट्या शिवून सुलट केलेल्या. चांगल्या शेगड्या म्हणजे लाल मणी, मोडक्या म्हणजे राखाडी. चांदणी दाबली की लाल मणी नळीतून निळीत जाणार, निळी दाबली की राखाडी इकडे येणार, असा बेत. आठ दिवस बसले. सूनबाईसुद्धा चांगलं झालंय म्हणाली आणि मग स्वतःच दचकली. दाबून कुणी बघितलं नाही. पोर आरशासमोर भाषण पाठ करत होती आणि मी माझ्या कामावर खूश होते.

परीक्षेला मीही गेले. चांदणीच्या हातांचा गुंता होतो, मांडीवर धरून न्यायला कुणीतरी हवं होतं. लांब खोली, जाड पडदे, टेबलामागे ओळीने पाच जण. मधला सडपातळ, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. त्याला मी मनात कपाळचष्म्या म्हटलं. (चालत होतं ते त्याचंच. बाकीचे चौघे त्याच्याकडे बघून मान हलवायचे.) पोर छान बोलली. मग चांदणी हातात घेतली, आता बघा म्हणाली आणि दाबली. लाल मणी नळीत शिरले, टोकापर्यंत गेले आणि थांबले. तिने आणखी दाबलं. नळी गळू झाल्यासारखी फुगली, मणी काही हलेनात. कपाळचष्म्या पुढे वाकून म्हणाला, “तुम्ही सांगताय त्याच्या नेमकं उलट दिसतंय. यातून काहीच जात नाहीये.” चौघांनी माना हलवल्या. पोरीने दाबणं सोडलं. तिने मागच्या रांगेकडे, माझ्याकडे बघितलं.

काय झालं ते मला तेव्हाच कळलं. तुला माहीत आहे, मी चाळीस वर्षं उशांच्या कारखान्यात काढली. उशी भरली की तोंड शिवायचं. उघड्या तोंडाची उशी मुकादम अंगावर फेकायचा. हात त्याच सवयीने चालला आणि मी सगळ्या नळ्यांची तोंडं शिवून टाकली. उठले, पुढे गेले, पिशवीतली कात्री कपाळचष्म्यासमोर ठेवली.

“साहेब, तोंड शिवलं गेलंय. तुमची नजर चांगली दिसते, तेवढं उसवा.”

“मी?”

“तुम्हीच. आधी चष्मा डोळ्यांवर घ्या.”

त्याने घेतला. एकेक टाका तुटलेला ऐकू येत होता. तेवढ्या वेळात पोरीला तिचा आवाज सापडला. म्हणाली, सर, तुम्ही आत्ता पाहिलात तो आमचा दुसरा प्रयोग. आम्ही नळ्या बंद करून बघितल्या. आधारपेशीकडे सगळं भरलेलं असतं आणि तिला लागून असलेली चेतापेशी मरते. देणारी आहे, घेणारी आहे, मधली वाट नाही. (हे पाठ केलेलं नव्हतं. तिचं भाषण ऐकून ऐकून मलाच पाठ झालं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं.) शेवटचा टाका सुटला, लाल मणी निळीत गेले, चार-पाच त्याच्या समोरच्या चहात पडले. मग त्याने स्वतःच निळी दाबून राखाडी परत पाठवले, पुन्हा लाल आणले. पाऊण तास प्रश्न विचारले, पण पेशी हातातून सोडली नाही.

काल पत्र आलं. पोर राहिली.

भाऊजींना, मुलांना आशीर्वाद. माझ्याहून मोठं तिथे कुणी उरलेलं नाही, त्यामुळे नमस्कार वाचले.

तुझी
थोरली जाऊ

ता. क. जागा देताना त्यांनी एक काम गळ्यात बांधलंय. शाळाशाळांतून दाखवायला असे बारा संच दोन महिन्यांत हवेत, आणि ते आजींनीच शिवावेत असं कपाळचष्म्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय. पोर हो म्हणून बसली आहे.

पुन्हा ता. क. कारखान्याच्या सवयीचं वर लिहिलं, ते घरात सगळ्यांना सांगितलं तेच. खरं म्हणजे नळीचं तोंड कुठलं आणि कड कुठली, ते मला दिसलंच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. (एवढ्या मजकुराला अकरा पानं का लागली, ते आता कळलं असेल.) घरात बोलले तर आधी शिवणाचं मशीन माळ्यावर जाईल आणि मग पोर परीक्षकांना नाही म्हणून कळवेल. तर तू ये. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, आणि डोळे नीट होईपर्यंत शिवायला बस. घरी सांग, थोरल्या जावेची आठवण आली. कुणाला खरं वाटणार नाही, पण विचारायची छाती कुणाची नाही.

शेवटचा ता. क. तुझा टाका फार मोठा पडतो असं मी तुझ्या लग्नापासून म्हणत आले, ते मागे घेत नाही. पण तो मला दिसतो.