विलासरावांच्या लेन्सची रिंग

१ डिसेंबर, सकाळ
आधी सगळ्यांची तब्येत. वनिताला विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, विचारून बरा होत असता तर नाचले असते. सूनबाई ऋतिकाची सर्दी? उतरली. म्हैस? चारा खाते, पण माझ्याकडे बघून नाही. टेबलावरची मंडळी: कर्जतच्या भंगारातून आणलेली कॅमेऱ्याची पस्तीसची लेन्स, काचेला बुरशी, पण स्थिर. मोठी एकशेपस्तीसची, मी दुरुस्त केल्यापासून हलत नाही. विश्रांती घेतेय. नवीन पेशंट विलासरावांची पन्नासची. ज्या रिंगने जवळचं-लांबचं स्पष्ट करतात, ती रिंग जाम. बाकी प्रकृती उत्तम.
माझी तब्येत कुणी विचारली नाही. चांगली आहे.

१ डिसेंबर, दुपार
विलासराव म्हणजे वनिताचे थोरले भाऊ, खालापूरचे फोटोवाले. आख्ख्या पट्ट्यातली लग्नं त्यांनी काढलीत. गेल्या वर्षी सोनावहिनी गेल्या, तेव्हापासून कॅमेरा कपाटात आणि माणूस घरात. कुणाशी धड बोलत नाहीत. आता नात आरोही हटून बसलीय, साखरपुड्याचे फोटो आजाच काढणार, नायतर फोटोच नकोत. ते कसेबसे तयार झाले, कॅमेरा बाहेर काढला, तर रिंग जाम. म्हणाले, जाऊ दे गं वनिता, माझं हाय ते बरं हाय. हिचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, आणा इकडे. रसायनीला कंपनीत उभी हयात जाम व्हॉल्व्ह सोडवले, ही तर बोटभर रिंग.
साखरपुडा बावीसला. उद्याच देऊन टाकतो.

३ डिसेंबर
घाई करायची नाही असं ठरवलं. नाजूक काम. रिंगवर पकड हवी म्हणून कुकरचं रबर काढून तिच्याभोवती आवळलं. पकड उत्तम. रिंग नाही हलली, पण पकड उत्तम.
संध्याकाळी डाळ कच्ची. कुकरची शिट्टी होईना. वनिता म्हणाली, रबर कुठंय? मी म्हटलं, शोध चालू आहे.

७ डिसेंबर, दुपारी दोन
यश! आतलं जुनं ग्रीस सुकून खडा झालंय, हे निदान मी स्वतः केलं. तेल हवं. वनिताच्या बाटलीतलं खोबरेल कापराची वडी टाकून गरम केलं, थेंब थेंब सोडलं, लेन्स पापडांशेजारी उन्हात ठेवली. दुपारी रिंग हलली! अर्धा वळसा, पण हलली. विलासरावांना फोन केला, काम फत्ते. ते म्हणाले, बरं. एवढंच. पण त्या ‘बरं’ मध्ये जीव होता.

८ डिसेंबर, सकाळी सात
परत जाम. कालच्यापेक्षा जास्त. आमच्या कडावला पहाटे कडाका पडतो, थंडीने आखडली असणार. वनिताचा गुडघाही आखडलाय. दोघांचं एकच.
वनिता म्हणाली, खोबरेल थिजलंय, माझी बाटली पण दगड झालीय बघा. मी म्हटलं, बाटलीची गोष्ट वेगळी.

९ ते १४ डिसेंबर
रोज दुपारी हलते, रोज सकाळी जाम. लेन्सला माझा मफलर गुंडाळला. मला खोकला.
चांगो भेटायला आला. लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून तोंड सुटलेलं. म्हणाला, काय रं लडकू, मफलर लेन्सला आणि खोकला तुला? अरे, कुणा शिकलेल्याला दाखव की. मी म्हटलं, मी शिकलेलाच आहे, फक्त शिकवलं कुणी नाही. तो म्हणाला, ते दिसतंय.
त्याला चहा दिला नाही. नंतर दिला.

१८ डिसेंबर
संयम संपला. म्हणजे, पद्धत बदलली. भिंगाखाली बघितलं, तर रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू. इतके दिवस लाजून बसलेले. घड्याळाच्या स्क्रू-ड्रायव्हरने तिन्ही सैल केले आणि रिंग गर्रकन फिरली! सकाळच्या थंडीत! एकदा फिरवली की दोन वळसे स्वतःच घेते. इतकी मोकळी रिंग नव्या लेन्सलाही नसेल. वनिताला फिरवायला दिली. म्हणाली, थांबतच नाय की. मी म्हटलं, यालाच मोकळीक म्हणतात.
एकशेपस्तीसचंही आता बघतो.

२२ डिसेंबर, रात्री जेवून
साखरपुडा छान झाला. हॉलवर पोचताच लेन्स विलासरावांच्या हातात ठेवली. त्यांनी कॅमेऱ्याला लावली, डोळ्याला लावली, रिंग फिरवली. परत फिरवली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भरून आलं असावं. म्हणाले, दाजी, लोण्यासारखी केलीत.
आणि मग चमत्कार. जो माणूस वर्षभर कुणाला जवळ येऊ देत नव्हता, तो एकेकाला बोलावून अगदी हातभर अंतरावर बसवायला लागला. ये गं आरोही, अजून जवळ. अजून. श्वास लागंल एवढी ये. पोरगी हसायला लागली. मग होणारे नातजावई, मग विहीणबाई, त्या आधी लाजल्या. वनिताला तर नाकासमोर बसवलं आणि म्हणाले, लहानपणी चिंच खाताना असंच तोंड करायचीस. ती हसता हसता रडली. लेन्सने माणूस मोकळा केला.
ग्रुप फोटोला म्हणाले, तुमचा पोरगा स्वप्नील काढंल मोबाइलवर. मी म्हटलं, अजिबात नाही, लेन्सचा अपमान आहे. मग काढला त्यांनी. सभ्य माणूस.

१६ जानेवारी
रोल मुंबईहून धुऊन आला. ऋतिका गठ्ठा घेऊन आली. एकेक चेहरा असा की पापणीचा केस न् केस मोजावा. ग्रुप फोटो म्हणजे धुक्यातलं माथेरान. मी म्हटलं, विलासरावांचा हात हलला. वनिता म्हणाली, दादा सांगू नको बोललेला. रिंग नुसतीच फिरते, आतली काच जागची हलत नाय. जेवढं हातभर लांब, तेवढंच साफ दिसतं. दाजींनी जीव लावून केलंय, बोलू नको, असं म्हणाला.
मी म्हटलं, अशक्य.

१७ जानेवारी, दुपार
खालापूरला जाऊन बघितलं. शक्य आहे.
कंपनीत कुणी नुसतं चाक फिरवून व्हॉल्व्ह उघडला म्हणून सांगितलं, की आम्ही त्याला दिवसभर सगळ्यांचा चहा आणायला लावायचो. घरी आल्यावर चहा मी केला. चांगोलाही बोलावून दिला.
लेन्स मागितली होती. विलासरावांनी दिली नाही. म्हणाले, दाजी, आता हात लावायचा नाय. हल्ली रोज कुणाला तरी पडवीत समोर बसवतात, गप्पा मारत चेहरे काढतात. मी गेलो तेव्हा दूधवाला बसला होता.

१७ जानेवारी, संध्याकाळ
विलासरावांना मोबाइलवर पाठवायचा मजकूर, आधी इथे कच्चा:
विलासराव, लेन्स पाठवू नका. गठ्ठ्यात सगळ्यांचे चेहरे आहेत, माझा नाही. मी लांब उभा राहून लेन्सवर लक्ष ठेवत होतो. ग्रुपमध्ये डावीकडचा करडा डाग मी आहे असं वनिता म्हणते. रविवारी येतो. किती जवळ बसायचं ते तेवढं लवकर लिहा.