घागरीचा काटा

डोंगरकडा,
१४ जानेवारी १९७३

ती. दादास,
भागूचा सप्रेम जयभीम वि. वि.

वहिनीला सातवा लागल्याचं वाचलं आणि बाबांनी कडब्याच्या गावात लगेच एक पाळणा टांगला. तू गेलास तेव्हा नुसती बैलगाडी होती. आता ज्वारीच्या धांड्यांचं आख्खं गाव आढ्याला लोंबतंय. सालीची चाकं, आतल्या पांढऱ्या गराचे बैल, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. दार उघडलं की बैल माना हलवतात. विहिरीवर घागर घेऊन बाबांनी धांड्यांचीच घडवलेली आपली आई उभी आहे. दुपारी कवडसा तिच्यावर आला की वाटतं, आता वळून मला हाक मारील. बाबा म्हणतात, नातवंड आलं की पहिलं आजीला भेटवायचं.

पावसानं दगा दिल्यापासून कडबा कुठेच नाही. तांबडी गाय गाभण आहे. दारातून आत तोंड घालून ती गावाकडे बघत राहते.

माया आहेच; ती आटू देऊ नकोस.
तुझी भागू

औरंगाबाद,
२ फेब्रुवारी १९७३

चि. भागूस,
अ. उ. आ.

तांबडीला सांग, दुसऱ्याच्या गावावर डोळा ठेवू नये. तिच्या आईनं माझी शाळेची टोपी खाल्ली होती, घराणंच खादाड! गाव मात्र जपा. आईचा एक फोटोसुद्धा आपल्याकडे नाही. माझ्या लेकराला आजी दिसेल ती तेवढीच. मार्चमध्ये येतो आणि खोक्यात घालून घेऊन जातो.

बाबांना जयभीम. तुझ्यावर जीव असलेला,
किशन

डोंगरकडा,
२७ फेब्रुवारी १९७३

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

खोकं आणू नकोस. गाव उरलं नाही.

तांबडीचे दिवस भरले आणि तिला उठवेना. बाबांनी गाव खाली उतरवलं. तिच्या तोंडाला टोचू नये म्हणून दुपारभर एकेक काटा उपसून डबीत टाकत बसले. मग बैल दिले, वेस दिली, पाळणा दिला. आईपाशी मी त्यांचा हात धरला. तर म्हणाले, काहून अडवून राहिली? जित्राबाला टाकल्याबिगर ती कधी जेवली व्हय? आणि तिलाही दिलं.

चार घासच ते, पण तांबडी उठली. पहाटे कालवड झाली. मी मात्र तुझ्यासाठी फार रडले. रागवायचं तर माझ्यावर रागव, बाबांना काही लिहू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
भागू

औरंगाबाद,
९ डिसेंबर १९७३

चि. भागूस,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. बाबांनी नव्यानं केलेली यंदाच्या ज्वारीची आई अगदी तशीच उभी आहे, आणि घागरीला काटा डबीतला जुनाच, हे तू कळवलंस ते बरं केलंस. मी तिला हातात घेऊन कितीतरी वेळ बसलो. कचेरीला उशीर झाला.

तुझी भाची जनका, आजीचंच नाव ठेवलेली, मांडीवर होती. तिला दात येताहेत. माझं लक्ष नाही बघून तिनं घागरीकडे हात टाकला आणि भोकाड पसरलं. मी आईला उंच धरलं. मग खाली घेतलं, काटा उपसला आणि दिली तिच्या हातात. घागर चघळत पोरगी खुदकन हसली.

बाबांना सांग, आजीची भेट झाली. आता दुसरी करा म्हणावं. काटा सोबत परत पाठवतो आहे. पाकीट जपून उघड.

तुझा दादा,
किशन